गांडूळ मेलं नाही म्हणून माती चांगली?

आमच्या सोसायटीचे माळीकाका फावड्याने माती उलथतात आणि एखादं गांडूळ चिमटीत धरून मला दाखवतात. "बघा ताई, जित्ती माती हाये." मग ते गांडूळ परत खड्ड्यात, त्यावर ओंजळभर शेणखत, आणि विषय संपला. काका सातारकडचे, अर्धं आयुष्य शेतात गेलेलं. मी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं तेवढ्या जोरावर त्यांच्याशी वाद घालणं बरं दिसत नाही. शिवाय ते अर्धे बरोबर आहेत. जी माती पार मेली आहे तिच्यात गांडूळ राहत नाही. पण हेच वाक्य उलटं फिरवलं की लंगडं पडतं. गांडूळ दिसलं म्हणून माती स्वच्छ, असं होत नाही; निदान मुंबईत तरी होत नाही.

आमची इमारत उभी आहे ती जागा एका कारखान्याची होती. भांडुप ते मुलुंड लाल बहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गाने गेलात तर आज जिथे टॉवर दिसतात तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी भोंगे वाजायचे. कारखाना गेला, पत्रे भंगारात गेले, यंत्रं विकली गेली. माती कोण विकत घेणार? ती तिथेच राहिली. वरून ट्रकभर लाल माती पसरली, हिरवळ लावली, मुलांसाठी घसरगुंडी बसवली. खाली काय आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, मीही नाही. कोपऱ्यात कढीपत्ता आणि अळू लावायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की या मातीतलं आपण खाणार आहोत.

जड धातू म्हणजे शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, क्रोमियम, निकेल, पारा ही मंडळी. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण याच पंगतीत बसतं. यातलं तांबं आणि जस्त आपल्यालाही लागतं आणि गांडुळालाही, चिमूटभर. शिसं आणि कॅडमियम यांचा गांडुळाला काहीही उपयोग नाही. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: ते कुजत नाहीत. कीटकनाशकाचा रेणू ऊन, पाणी आणि जिवाणू मिळून कधी ना कधी मोडून टाकतात. शिशाचा अणू मोडण्याचं काम कुठलाही जिवाणू करू शकत नाही. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाईल, पण राहील शिसंच.

मुंबईत हे धातू येतात कुठून? कारखाने हे सोपं उत्तर झालं. पेट्रोलचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं आणि २००० साली देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. त्याआधी कित्येक दशकं प्रत्येक टॅक्सीच्या नळकांड्यातून बारीक शिसं बाहेर पडत होतं आणि रस्त्याकडेच्या मातीत बसत होतं. शिसं मातीला घट्ट चिकटतं, फारसं खाली झिरपत नाही. जिथे माती खणली गेली नाही, तिथे वरच्या काही इंचांत ते अजून असतं. म्हणजे पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, पण त्यांच्या धुरातलं काही मागे राहिलं. टायरच्या रबरात जस्ताचं ऑक्साइड असतं. टायर झिजतो तसं जस्त धुळीत मिसळतं. ब्रेकच्या पॅडमधून तांबं झडतं. जुन्या इमारतींच्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांच्या खाली ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आता त्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पडताहेत आणि त्यांचा राडारोडा कुठेतरी भरणीला जातो आहे.

एक थोडं नाजूक उदाहरण. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आज बाजारात शेंदूर म्हणून मिळणारी प्रत्येक पुडी शिशाचीच असते असं नाही, पण ती कशाची आहे हे पुडीवर बघून कळतही नाही. देवळातल्या निर्माल्याचं खत करणं ही चांगलीच कल्पना आहे. शेंदूर लागलेली फुलं मात्र मी आमच्या खड्ड्यात टाकू देत नाही. यावरून शेजारच्या काकूंनी मला एकदा चांगलंच ऐकवलं होतं.

आणि गाळ. दर मे महिन्यात नालेसफाईच्या नावाने नाल्यातला काळाभोर गाळ काढून काठावर ढीग लावतात आणि सुकायला ठेवतात. या सुकण्यात एक रसायनशास्त्र दडलेलं आहे. नाल्याच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे धातू गंधकाशी जोडी जमवून सल्फाइडच्या रूपात बसलेले असतात, आणि सल्फाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणजे तळाशी आहे तोवर ते विष बऱ्यापैकी कडीकुलपात असतं. गाळ वर काढला, हवा लागली, की सल्फाइडचं सल्फेट होतं, थोडं आम्ल तयार होतं आणि धातू सुटे होऊ लागतात. मग पहिला पाऊस पडतो. मिठीसारख्या नदीचा विचार करा: विहार आणि पवईच्या तलावांपासून निघते, साकीनाका, कुर्ला, कलिना असं वळत माहीमच्या खाडीला मिळते, आणि वाटेत भंगार, पिंपं धुणारे, धातूला मुलामा देणारे असे कित्येक छोटे कारभार तिच्यात रिकामे होतात. तिचा गाळ बागेत खत म्हणून घालण्याइतका निष्पाप नाही.

आता गांडुळाकडे येऊ. डार्विनने आयुष्याच्या शेवटच्या काळात, १८८१ मध्ये, गांडुळांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता. (त्यांना ऐकू येतं का हे बघायला घरच्यांना त्यांच्यासमोर पियानो वाजवायला लावला होता. गांडुळांनी लक्ष दिलं नाही.) हा दहा टनांचा आकडा ध्यानात ठेवा, कारण गांडुळाची सगळी अडचण त्यातच आहे. आपण रस्त्यावरून जाताना नाकाला रुमाल लावू शकतो. गांडूळ ज्यात राहतं, तेच ते खातं आणि त्यातूनच श्वास घेतं.

त्याला फुप्फुसं नाहीत. कातडी ओली ठेवून त्यातून प्राणवायू आत घ्यायचा, ही त्याची रीत. म्हणून कातडी पातळ आणि सदैव ओलसर. मातीच्या कणांमधल्या पाण्यात जे धातू विरघळलेले असतात, ते याच ओल्या कातडीतून आत शिरतात. ही झाली पुढची वाट. मागची वाट तोंडातून: माती गिळली, पोटात रस सुटले, कणाला चिकटलेला धातू सुटला आणि आतड्यातून शरीरात गेला. वरवरच्या पालापाचोळ्यात राहणारं गांडूळ, मातीत आडवं फिरणारं गांडूळ आणि खोल उभं बीळ करणारं गांडूळ, तिघांची राहणी वेगळी, त्यामुळे एकाच बागेत तिघांच्या अंगात भरणारा धातू वेगळा.

शरीरात गेल्यावर काय होतं? इथे मला मुंबईच्या खोलीची आठवण येते. दहा बाय बाराच्या खोलीत फेकता येत नाही आणि वापरताही येत नाही अशी वस्तू आली, की ती पोटमाळ्यावर जाते. गांडुळालाही असा पोटमाळा आहे. त्याच्या आतड्याभोवती पिवळसर पेशींचं एक आवरण असतं. आपल्या यकृताची बरीचशी कामं त्या पेशी करतात. त्यांच्यात फॉस्फेटने भरलेले बारीक दाणे असतात. शिसं आलं की त्यातलं पुष्कळसं या दाण्यांत जाऊन अडकतं, जस्तही तिथेच. कॅडमियमसाठी वेगळी सोय आहे. मेटॅलोथायोनिन नावाचं एक छोटं प्रथिन असतं. त्याच्यात गंधक असलेले अवयव इतके दाटीवाटीने बसलेले असतात, की कॅडमियमचा अणू जवळ आला की ते त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. हे प्रथिन १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात पहिल्यांदा सापडलं. आपल्या शरीरातही ते आहे. म्हणजे गांडुळाने काही खास शोध लावलेला नाही, ही फार जुनी घरगुती युक्ती आहे.

हे धातू पेशींना छळतात ते बहुतेक वेळा ओळखीच्या चेहऱ्याने. शिसं कॅल्शियमसारखं वागून त्याच्या दारातून आत येतं. कॅडमियम जस्ताच्या जागा बळकावतं. तांब्याचं दुखणं निराळं: ते गरजेचं आहे, पण थोडं जास्त झालं की पेशीत प्राणवायूचे आक्रमक तुकडे तयार करत सुटतं, आणि ते तुकडे पेशीचे पडदे, प्रथिनं, डीएनए, जे सापडेल त्याला बोचतात. तांबं आणि जस्त बाहेर टाकायची यंत्रणा गांडुळाकडे बऱ्यापैकी आहे. स्वच्छ मातीत नेऊन ठेवलं तर काही दिवसांत अंगातलं जास्तीचं तांबं, जस्त उतरतं. कॅडमियम मात्र पोटमाळ्यावर गेलं की खाली येत नाही. म्हणून गांडुळाच्या अंगात कॅडमियमचं प्रमाण भोवतालच्या मातीपेक्षाही कित्येक पटींनी जास्त होऊ शकतं. शिशाचं सहसा तसं होत नाही. अंगात असतं त्यापेक्षा मातीतच जास्त असतं.

ही साठवण फुकट होत नसते. प्रथिनं बनवायला, दाणे भरायला, बिघडलेलं दुरुस्त करायला शक्ती लागते, आणि गांडुळाची मिळकत ठरलेली असते. पगार तेवढाच आणि औषधाचा खर्च वाढला, तर घरात पहिली काटछाट कशात होते? गांडुळाच्या घरात ती पिल्लांत होते.

इथे आकडे सांगायलाच हवेत. १९९४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी खताची लाल गांडुळं घेऊन ठरावीक मातीत धातू मिसळून पाहिले. दोन आठवड्यांत निम्मी गांडुळं मरायला किलोभर मातीत सुमारे ७०० मिलिग्रॅम तांबं लागलं. पण त्यांच्या अंडकोशांची, म्हणजे ज्यात अंडी असतात त्या इवल्या पिशव्यांची, संख्या निम्म्यावर यायला सुमारे ५० मिलिग्रॅम पुरलं. जस्ताचं तसंच: मरायला १,००० च्या आसपास, अंडकोश निम्मे व्हायला पावणेतीनशे. शिशाने मारायला साडेचार हजारांच्या घरात, अंडकोश निम्मे करायला दोन हजारांच्या थोडं आत. कॅडमियमचं तर विचारूच नका. ३०० मिलिग्रॅमपर्यंत निम्मी गांडुळं मेलीही नाहीत, आणि अंडकोश मात्र ५० च्या आतच निम्म्यावर आले.

हे पुन्हा एकदा वाचा, कारण काकांच्या "जित्ती माती"ला उत्तर इथे आहे. तांब्याच्या ५० आणि ७०० या दोन आकड्यांमधे एक मोठा पट्टा आहे. त्या पट्ट्यातल्या मातीत फावडं मारलं तर गांडूळ सापडेल, वळवळेल, चिमटीत धरून दाखवताही येईल. फक्त त्याच्या मागे पिढी येत नसेल. अंडकोश कमी, त्यातून निघणारी पिल्लं कमी, पिल्लांची वाढ मंद, वयात यायला उशीर. काही धातूंनी शुक्राणूंची संख्या घटते, असलेल्यांना इजा होते. दोन-चार पावसाळ्यांत मोठी गांडुळं आपल्या वयाने संपतात आणि मग कुणीतरी म्हणतं, हल्ली गांडुळं दिसत नाहीत बुवा, काय झालं कोण जाणे.

कोकणात मोरचूद सगळ्यांना माहीत आहे. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडाला फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. फवारणी घडावर होते, पण पावसाने धुऊन तांबं शेवटी खालीच येतं, आणि वर्षानुवर्षं एकाच बागेत येत राहतं. वर्षानुवर्षं तांबं फवारलेल्या हॉलंडमधल्या फळबागांत गांडुळं जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि जमिनीवर न कुजलेल्या गवत-पानांची सतरंजीसारखी जाड चटई साठली होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ अव्हॉनमथला जस्त-शिशाची मोठी भट्टी होती. तिच्या अगदी जवळच्या मातीत गांडुळं सापडत नसत आणि आसपासच्या रानात पालापाचोळ्याचे थर वाढत गेले होते. पानं कुजवणारे जिवाणू, बुरशी, किडे सगळेच धातूंनी हैराण झाले होते, त्यामुळे सगळा दोष गांडुळांच्या गैरहजेरीला देता येणार नाही. पण पानं ओढून बिळात नेणारा आणि माती खालीवर करणारा गडीच नसेल, तर पाचोळ्याची माती व्हायला वेळ लागतो हे सांगायला भट्टीही नको.

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमधल्या डेव्हनमधे तांबं आणि आर्सेनिकची एक जुनी खाण आहे. तिथल्या मातीतली गांडुळं अशा आर्सेनिकमधे मजेत राहतात, ज्यात बाहेरून आणलेली त्याच जातीची गांडुळं मरतात. पिढ्यान् पिढ्या निवड होत होत तिथे सहन करणाऱ्यांचीच वस्ती उरली. मुंबईच्या बाबतीत हे खरं असेल तर मला मुळीच नवल वाटणार नाही. या शहरात कोण कशाची सवय करून घेईल, सांगता येत नाही.

आता एक गुंता, जो मला स्वतःला समजायला वेळ लागला. दख्खनचा काळा खडक मुळातच तांब्याने श्रीमंत आहे. त्याच्यापासून झालेल्या मातीत किलोला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तांबं निसर्गतःच असू शकतं. मग प्रयोगशाळेत ५० वर पाळणा निम्मा रिकामा होतो, तर देशावरच्या काळ्या रानात गांडुळं सुखाने कशी नांदतात?

उत्तर असं, की मातीत धातू किती आहे यापेक्षा तो कुठे बसला आहे याला महत्त्व आहे. खडकातलं तांबं खनिजाच्या जाळीत चिणलेलं असतं, गांडुळाच्या पोटातून गेलं तरी पुष्कळसं तसंच बाहेर पडतं. प्रयोगात मिसळलेलं तांबं असतं विरघळणाऱ्या क्षाराचं, नुकतंच ओतलेलं, पाण्यात मोकळं फिरणारं. कालांतराने तेही मातीला चिकटून थोडं मवाळ होतं. मातीचा सामू घसरला, म्हणजे माती आंबट झाली, की बहुतेक धातू सुटे होतात. चुनखडीच्या मातीत ते जखडून राहतात. सेंद्रिय पदार्थ भरपूर असले तर ते धातूंना धरून ठेवतात. शेणखत घालायच्या काकांच्या सवयीचा हा एक फायदा, जो त्यांनी मनात धरलेला नव्हता. खाडीकाठच्या भरणीच्या जमिनीत मीठ असतं, आणि मिठातलं क्लोराइड कॅडमियमला सोबत घेऊन पाण्यात उतरवतं. शिवाय नुसत्या मिठानेही गांडुळाचा जीव जातो, त्यामुळे खाजणाच्या बाजूला गांडुळं नसतील तर लगेच धातूंवर आळ घेऊ नये.

म्हणून प्रयोगशाळेचा "एकूण शिसं इतकं, एकूण तांबं इतकं" असा कागद हातात आला तरी गोष्ट अर्धीच कळते. उरलेली अर्धी गांडुळाला विचारावी लागते, कारण त्याच्या कातडीला आणि पोटाला जेवढं जाणवतं तेवढंच त्याच्यासाठी खरं. हे विचारण्याची रीतसर पद्धतही आहे. ७० टक्के वाळू, २० टक्के पांढरी चिनी माती आणि १० टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) अशी ठरावीक नकली माती करायची, तिच्यात तपासायचा पदार्थ मिसळायचा, लाल गांडुळं सोडायची आणि १४ दिवसांनी मोजायची. ही परीक्षा १९८४ पासून जगभर वापरात आहे. पुढे पिल्लं मोजणारी आठ आठवड्यांची परीक्षा आली, जी माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. या परीक्षांवर एक आक्षेपही आहे: लाल गांडूळ हा उकिरड्यावरचा गडी, खऱ्या मातीत तो फारसा राहतच नाही, आणि मातीतल्या काही जाती त्याच्यापेक्षा नाजूक असतात. सांभाळायला सोपा म्हणून त्याची निवड झाली, हे खरंच आहे.

त्याहून बारीक परीक्षा पेशीची. गांडुळाच्या शरीरातल्या द्रवातल्या पेशी काढून त्यांना एक लाल रंग पाजतात. निरोगी पेशी तो रंग आपल्या एका छोट्या पिशवीत बराच वेळ धरून ठेवते. धातूंनी त्रासलेल्या पेशीच्या पिशवीचा पडदा गळका होतो आणि रंग लवकर बाहेर पाझरतो. किती मिनिटांत पाझरला, यावरून गांडुळाची तब्येत कळते. अजून ते मेलेलं नाही, वजन घटलेलं नाही, पिल्लांचा हिशेब लागायचा आहे, आणि तरी दुखणं दिसून येतं.

आता गांडूळखताबद्दल. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आणि मुंबईत घरोघर लाल गांडुळांची चर्चा सुरू झाली. तेव्हापासून एक समज फार ऐकू येतो: गांडुळं विष खाऊन टाकतात, काहीही घाला, बाहेर सोनंच येणार. रोगजंतूंच्या बाबतीत यात तथ्य आहे. धातूंच्या बाबतीत नाही. कचऱ्याचं खत होताना त्यातला बराचसा कार्बन वायू होऊन उडून जातो. दहा किलोचे चार-पाच किलो उरतात. धातू उडत नाही. म्हणजे दहा किलोत जेवढं शिसं होतं तेवढंच चार-पाच किलोत, प्रमाण दुप्पट ते अडीचपट. थोडं गांडुळांच्या अंगात गेलं म्हणावं, तर ती मेली की तेही तिथेच. शिवाय पोटातून जाताना मातीतला धातू अनेकदा आणखी सुटा होतो आणि झाडाच्या मुळांना घ्यायला सोपा होतो. गांडूळ सफाई कामगार नाही. तो माल हलवणारा हमाल आहे, आणि कधीकधी बांधलेली गाठोडी सोडून ठेवणारा.

खत विकत घेणाऱ्यांसाठी: आपल्या खत नियंत्रण आदेशात विक्रीच्या गांडूळखताला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५० आणि निकेल ५० अशी कमाल मर्यादा आहे. घरच्या भाजीच्या देठांचं खत या मर्यादेच्या आसपासही जाण्याचं कारण नाही. बॅटरी, रंगीत छापील चकचकीत कागद, झाडलोटीची धूळ आणि रंगकामाचे खरवडे खड्ड्यात गेले, तर मात्र सांगता येत नाही. आमच्याकडे जिन्याचा केर त्यात पडत होता. दोन वर्षं.

गांडुळाचं विष गांडुळापाशी थांबत नाही, हे तर ओघाने आलंच. पावसाळ्यात हिरवळीवर उतरणारे गायबगळे, दयाळ, साळुंक्या, झुडपातला भारद्वाज, आणि रात्री भिंतीच्या कडेने चूं-चूं करत पळणारी चिचुंद्री, सगळ्यांच्या ताटात गांडूळ आहे. चिचुंद्रीच्या युरोपातल्या भाईबंदांवर बरंच काम झालं आहे. धातूंनी बिघडलेल्या जागी त्यांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम साठलेलं सापडतं, आणि त्याचा मोठा पुरवठा गांडुळांकडून होतो. गंमत अशी, की गांडूळ जितकं सोशिक तितकं त्याला खाणाऱ्याचं मरण. मरून गेलं असतं तर पुढे काही गेलं नसतं.

आमच्या कोपऱ्याचं काय झालं ते सांगते. गांडुळांना धातू चाखता येतो. नको असलेल्या मातीतून ती निघून जातात, त्यामुळे एक अगदी साधी परीक्षा घरी करता येते. दिवाळीच्या फराळाचा एक लांबट प्लॅस्टिकचा डबा घेतला, मधे पुठ्ठा उभा केला. एका बाजूला कोपऱ्यातली माती, दुसऱ्या बाजूला दीड हात पलीकडच्या, गांडुळांनी भरलेल्या वाफ्यातली. दोन्हीकडे ओल सारखी. पुठ्ठा काढला, मधल्या रेषेवर खड्ड्यातली दहा लाल गांडुळं ठेवली, झाकणाला भोकं पाडून डबा अंधारात. ४८ तासांनी पुठ्ठा परत मधे खुपसायचा आणि दोन्हीकडची मोजायची. दहातली आठांहून जास्त एकाच बाजूला गेली, तर दुसऱ्या बाजूच्या मातीत काहीतरी बिनसलं आहे असं मानतात. काय बिनसलं आहे ते यातून कळत नाही. मीठ असेल, आंबटपणा असेल, कुणी ओतलेलं फिनेल असेल. म्हणून हे दोनदा-तीनदा करायचं, आणि एकदा दोन्हीकडे एकच माती भरूनही करायचं, म्हणजे गांडुळं उगाच एका बाजूला जमत नाहीत ना याची खात्री होते.

पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा कोपऱ्याच्या मातीत एक होतं. दुसऱ्यांदा एकही नाही. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते. त्यांनी डब्यात बोट घालून कोपऱ्याची माती चिमटीत घेतली, हुंगली, जिभेला लावायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"पण ह्याच कोपऱ्यात मी तुमाला गांडूळ दावलं होतं," ते म्हणाले.

दाखवलं होतं, खरंच. एक. मोठं, जाड, जुनं. त्याची पिल्लं आम्ही कधी बघितली नव्हती.

मातीचा नमुना तपासायला दिला आहे. पालेभाजी कॅडमियम मुळांतून ओढते आणि शिशाची धूळ पानांवर बसते, त्यामुळे अळू आणि कढीपत्ता आम्ही निळ्या पिंपांत हलवले, विकतच्या मातीत. कोपऱ्यात आता कण्हेर आणि जास्वंद आहे. काका रोज सकाळी तिथे ओंजळभर शेणखत टाकतात, मी अडवत नाही.